एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड आणि आकाशातून पडलेले पाषाण

इ. स. १८०२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २५ तारखेस लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचण्यात आला. निरनिराळ्या काळी आकाशातून पडले असे सांगितले जाणारे पाषाण, आणि भूपृष्ठावर सुटे सापडणारे लोहपिंड, यांचे रासायनिक पृथक्करण हा त्याचा विषय होता. निबंधकर्ता एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड हा त्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांचा होता. या विषयावर त्याने पुढे पुन्हा लिहिले नाही. तथापि अशनींच्या अभ्यासास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देण्यात या एका निबंधाचा वाटा फार मोठा आहे. हा वाटा नेमका कोणता, याविषयी मात्र पुष्कळदा ढोबळ विधान केले जाते. हॉवर्डने रसायनशास्त्राच्या साहाय्याने पाषाण आकाशातून पडतात हे सिद्ध केले, असे ते विधान होय. वस्तुतः एखादा दगड कोठून आला हे त्याच्या पृथक्करणावरून प्रत्यक्ष कळत नाही. हॉवर्डने जे केले ते याहून सूक्ष्म होते. ज्यांच्या शब्दावर विद्वानांचा विश्वास नव्हता अशा साक्षीदारांची साक्ष पारखण्याची, साक्षीदारावर अवलंबून नसलेली एक कसोटी त्याने उपलब्ध करून दिली. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र या दृष्टीने पाहावयाचे आहे.

प्रथम संज्ञांविषयी दोन शब्द. आकाशात क्षणमात्र दिसणारी तेजोरेषा ती उल्का, आणि प्रत्यक्ष भूमीवर येऊन पोचणारा पाषाण वा लोहपिंड तो अशनी, असा भेद येथे पाळला आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील अशनी हा मोठा आवाज करीत भूमीवर येऊन आदळणारा होय. तेव्हा शब्द जुनाच आहे. त्याचा शास्त्रीय अर्थ मात्र गेल्या सव्वादोनशे वर्षांत निश्चित झाला आहे.

१. साक्षीचा प्रश्न

अठराव्या शतकातील युरोपीय शास्त्रज्ञ आकाशातून दगड पडतात हे मानावयास तयार नव्हते, याचे कारण केवळ दुराग्रह नव्हे. ग्रहांच्या मधील अवकाश रिक्त आहे, ही न्यूटनप्रणीत विश्वरचनेची एक सोयीची मान्यता होती. तेथे दगड कोठून असणार? शिवाय असे पाषाण पडताना पाहणारे लोक बहुधा शेतकरी, गुराखी, मजूर असेच असत आणि त्यांच्या वृत्तांतांत चमत्कारकथांचीही भर पडलेली असे. अंधश्रद्धेशी झगडून ज्या पिढीने निसर्गशास्त्र उभे केले, तिने या वृत्तांतांकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक होते.

या संशयाचे दोन नमुने देण्याजोगे आहेत. १७६८ च्या सप्टेंबर महिन्यात फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतात काम करणाऱ्या लोकांसमोर एक पाषाण पडला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याच्या परीक्षणाचे काम फूजरू, कादे आणि तरुण लाव्हाझिए या तिघांकडे सोपविले. गंधक, लोह आणि काचेसारखी वितळणारी माती हे घटक त्यांना आढळले. हा पाषाण आकाशातून आलेला नसून, गंधक व लोह यांनी युक्त असा एक सामान्य दगड भूमीवरच विजेच्या आघाताने भाजला गेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचे पृथक्करण त्या काळच्या मानाने हयगयीचे नव्हते. परंतु त्यांनी दगडाची एकत्रच पूड करून घेतली, त्यामुळे त्यातील निरनिराळे घटक एकमेकांत मिसळून गेले. आणि निकेल या धातूचा शोध त्यांनी घेतला नाही. दुसरा नमुना १७९० मधील. त्या वर्षीच्या जुलैमध्ये फ्रान्सच्या नैऋत्य भागातील बार्बोताँच्या परिसरात पाषाणांचा वर्षाव झाला आणि तेथील नगराधिकाऱ्याने सुमारे तीनशे साक्षीदारांच्या पुष्टीसह त्याचा वृत्तांत पाठविला. त्यावर बेर्तोलाँ या विद्वानाने, एका संपूर्ण गावाने लोकवार्तेवर अधिकृत शिक्कामोर्तब करावे याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे एक साक्षीदार असला तर तो अविश्वसनीय, आणि तीनशे असले तर गावच भोळसट, अशी स्थिती होती.

१७९४ साली अर्न्स्ट क्लाडनी याने सायबेरियात पाल्लास यास आढळलेल्या लोहपिंडावर एक छोटा ग्रंथ लिहून, असे पिंड अवकाशातूनच येतात असे प्रतिपादन केले. क्लाडनीचे शिक्षण कायद्याचे होते ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. निरनिराळ्या देशांतील व काळांतील साक्षी एकमेकींशी ताडून पाहण्याची त्याची पद्धत न्यायालयीन होती. पण अनेक शास्त्रज्ञांना साक्ष हे प्रमाणच मान्य नसल्यामुळे ती त्यांना पटली नाही. या वादाला आवश्यक असलेले दुसऱ्या जातीचे प्रमाण हॉवर्डने पुरविले.

२. पूर्वचरित्र

हॉवर्डचा जन्म २८ मे १७७४ रोजी शेफील्डजवळील डार्नल येथे झाला. इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या कॅथलिक सरदारघराण्याचा तो वंशज; त्याचा वडील बंधू पुढे १८१५ मध्ये नॉरफोकचा बारावा ड्यूक झाला. परंतु घराणे कितीही थोर असले तरी त्या काळी कॅथलिकांना ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता आणि केंब्रिजची पदवी मिळत नव्हती. म्हणून त्याचे शिक्षण फ्रान्समधील दुए येथील इंग्रज कॅथलिक महाविद्यालयात झाले. विद्यापीठीय पद त्याला मिळणे शक्यच नव्हते. रॉयल सोसायटीचे दार मात्र धर्ममताकडे न पाहता उघडत असे, आणि १७९९ मध्ये तो तिचा सभासद झाला.

त्याची पहिली कीर्ती एका निराळ्याच शोधामुळे झाली. त्या काळी ज्यास म्युरिअॅटिक आम्ल म्हणत, त्याच्या घटनेत हायड्रोजन आहे की काय हे पाहण्यासाठी तो पारा, नायट्रिक आम्ल आणि मद्यार्क यांवर प्रयोग करीत होता. अपेक्षित फळ मिळाले नाही. मिळाला तो धक्क्याने वा घर्षणाने स्फोट पावणारा एक स्फटिकमय पदार्थ, म्हणजे पाऱ्याचे फल्मिनेट. या प्रयोगांतील स्फोटाने त्याला स्वतःलाही इजा झाली. १८०० मध्ये त्याने हे संशोधन प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्याला मिळाले. पुढे ठासणीच्या बंदुकीच्या टोप्यांत हाच पदार्थ भरला जाऊ लागला आणि गारेच्या चापाचे युग संपले. अशनींच्या अभ्यासाकडे तो वळला तेव्हा एक कुशल प्रयोगकर्ता म्हणून त्याचे नाव झालेले होते, हे यावरून दिसेल.

३. चार पाषाण

सोसायटीचा अध्यक्ष सर जोझेफ बँक्स याच्या संग्रही दोन पाषाणांचे तुकडे होते. एक इटलीतील सिएना येथे १६ जून १७९४ रोजी पडलेल्यांपैकी, आणि दुसरा यॉर्कशरमधील वोल्ड कॉटेज येथे १३ डिसेंबर १७९५ रोजी पडलेला. सिएनाचे पाषाण व्हेसूव्हिअसच्या उद्रेकानंतर साधारण अठरा तासांनी पडले असल्याने ते ज्वालामुखीतून उडाले असावेत, असे म्हणण्यास जागा होती. परंतु यॉर्कशरचा ५६ पौंडांचा पाषाण खडूच्या टेकड्यांवर पडला होता. त्या प्रदेशात ज्वालामुखी नाही आणि तसला खडकही नाही. जमिनीचा मालक टोपम याने प्रत्यक्षदर्शी मजुरांच्या साक्षी नोंदवून घेतल्या आणि तो पाषाण लंडनमध्ये प्रदर्शनास मांडला. या दोन पाषाणांतील साम्य बँक्सच्या ध्यानात आले होते. अशातच तिसरी हकीकत काशीहून आली.

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास काशीच्या परिसरात एक मोठा अग्निगोल दिसला, मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि जड वस्तू कोसळल्याचे ऐकू आले. आकाश स्वच्छ होते. कित्येक दिवसांत ढगाचा मागमूसही नव्हता. काशीपासून सुमारे चौदा मैलांवर, गोमतीच्या उत्तरेस, इंग्रजी कागदपत्रांत क्राखुत असे नोंदलेले एक गाव आहे, त्याच्या आसपास हे पाषाण पडले. रॉयल सोसायटीचा सभासद जॉन लॉइड विल्यम्स तेव्हा त्या भागात राहत होता. त्याने चौकशी करून लिहिलेला वृत्तांत हॉवर्डच्या निबंधातच छापला आहे. त्यात एका पहारेकऱ्याची हकीकत येते. त्याच्या झोपडीचे छप्पर फोडून सुमारे दोन पौंडांचा एक पाषाण आत शिरला आणि चोपून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनीत काही इंच रुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो आपल्या धन्याकडे नेऊन दिला. वृत्तांतात त्याचा निर्देश पहारेकरी एवढाच आहे. गंगा-गोमतीच्या गाळाचे ते मैदान. तेथे जमिनीत दगड सापडणे हीच मुळात दुर्मिळ गोष्ट.

चौथा पाषाण बोहेमियातील ताबोर येथे १७५३ साली पडलेला. बॅरन बोर्न याच्या खनिजसंग्रहातून तो लंडनमधील चार्ल्स ग्रेव्हिल याच्याकडे आला होता. बँक्सच्या प्रोत्साहनाने हॉवर्डने हे चारही पाषाण परीक्षणास घेतले.

४. पृथक्करणाची रीत

हॉवर्डने केलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने आम्लाला हात घालण्यापूर्वी खनिजवेत्त्याची मदत घेतली. काउंट द बूर्नाँ हा राजनिष्ठ फ्रेंच सरदार राज्यक्रांतीमुळे परागंदा होऊन लंडनला आला होता. त्याने भिंगाखाली पाहून प्रत्येक पाषाणातील चार द्रव्ये वेगळी ओळखली: करड्या रंगाचे लहान गोल दाणे, गंधकयुक्त लोहखनिज, धातुरूप लोहाचे कण, आणि या सर्वांना धरून ठेवणारी भुसभुशीत माती. बाहेरून प्रत्येकावर काळी पातळ साल होती. यांतील गोल दाणे पृथ्वीवरील कोणत्याही परिचित खडकात आढळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात गुस्टाव्ह रोझे याने या दाण्यांवरूनच अशनींच्या एका मोठ्या वर्गास कॉन्ड्राइट हे नाव दिले.

बूर्नाँने घटक अलग केल्यावर हॉवर्डने प्रत्येकाचे स्वतंत्र पृथक्करण केले. लोहाचे कण आम्लात विरघळवून, अमोनियाने लोहाचा साका खाली बसविला असता निकेल वर विद्रावात राहतो आणि त्याचा निळसर रंग दिसतो. चारही पाषाणांतील धातुकणांत निकेल निघाले. गोल दाणे आणि माती यांत सुमारे निम्मा भाग सिलिका, एकतृतीयांशाच्या आसपास लोहभस्म, उरलेल्यात मुख्यतः मॅग्नेशिया आणि थोडे निकेलचे भस्म, असे प्रमाण आले. घटकांची बेरीज शंभराहून किंचित अधिक भरली, कारण पृथक्करणाच्या क्रियेत धातूंशी ऑक्सिजनचा संयोग होऊन वजन वाढते. हे कारणही त्याने ध्यानात घेतले होते.

येथवर प्रश्न पाषाणांचा होता. आता तो लोहपिंडांकडे वळला. दक्षिण अमेरिकेतील पिंडात निकेल असल्याचे प्रूस्त याने १७९९ मध्ये दाखविले होते. हॉवर्डने तो पिंड, पाल्लासचा सायबेरियातील पिंड, बोहेमियातील एक आणि सेनेगलमधील एक, असे चार नमुने तपासले. चौहोंत निकेल सापडले. भूपृष्ठावर धातुरूप लोह अत्यंत विरळ आणि भट्टीतून काढलेल्या लोहात निकेल जवळजवळ नसतेच. चार पाषाणांत विखुरलेले लोह आणि चार खंडांतील हे पिंड यांत एकच खूण आढळावी, हे योगायोगाने होणारे नव्हे. ही खूण का पडते याचे स्पष्टीकरण पुढील काळात मिळाले. पृथ्वी घडत असता लोहाबरोबर निकेलही तिच्या गाभ्यात उतरले आणि कवचात ते अल्प उरले.

इतके हाती असूनही निबंधाचा शेवट त्याने प्रश्नरूप ठेवला. पडलेले सर्व पाषाण आणि हे लोहपिंड यांचे मूळ एकच आहे काय, आणि आकाशात दिसणाऱ्या तेजोगोलांचे हे शरीर आहे काय, एवढेच तो विचारतो. चंद्रावरील ज्वालामुखी, वातावरणातील धुळीचे घनीभवन इत्यादी तर्क त्या काळी मांडले जात होते; लाप्लासने १८०२ मध्येच चंद्राचा पर्याय पुढे केला. हॉवर्डने यांपैकी कोणाचाही पक्ष घेतला नाही. त्याचे पृथक्करण जेथवर नेत होते तेथे तो थांबला.

५. साक्ष आणि पृथक्करण यांचा मेळ

या निबंधाचा परिणाम लगेच दिसून आला. पॅरिसमध्ये व्होकलाँने आणि बर्लिनमध्ये क्लाप्रोटने अशनींची पृथक्करणे करून हॉवर्डचे म्हणणे मुख्यतः बरोबर ठरविले. पात्राँसारख्या खनिजवेत्त्याने विरोध केला, पण तो टिकला नाही. नंतर २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेगल येथे सुमारे तीन हजार पाषाणांचा वर्षाव झाला. सरकारने चौकशीसाठी जाँ बातिस्त बिओ या तरुण भौतिकीज्ञास पाठविले. बिओने प्रमाणांची दोन जातींत विभागणी केली. पडलेल्या पाषाणांचे स्वरूप, त्या भागातील खडकांशी व कारखान्यांतील मळीशी त्यांची तुलना, ही भौतिक प्रमाणे. आणि परस्परांना न ओळखणाऱ्या निरनिराळ्या थरांतील लोकांच्या साक्षी, ही त्याच्या शब्दयोजनेप्रमाणे नैतिक प्रमाणे. दोन्ही एकमेकांस दुजोरा देतात हे दाखवून त्याने वाद जवळजवळ संपुष्टात आणला. बार्बोताँच्या तीनशे साक्षीदारांची जी थट्टा झाली ती लेगलच्या शेतकऱ्यांची झाली नाही, आणि मधल्या तेरा वर्षांत शेतकरी बदलले नव्हते. त्यांच्या शब्दाची पारख करता येईल असे काहीतरी प्रयोगशाळेत तयार झाले होते.

मात्र येथेच थांबल्यास चित्र एकांगी राहील. २२ मे १८०८ रोजी मोराव्हियातील श्टान्नर्न येथे अनेक लोकांच्या देखत पाषाण पडले. त्यांत निकेलयुक्त लोह नव्हते. केवळ हॉवर्डची कसोटी प्रमाण मानली असती तर ते अशनी नव्हेत असे म्हणावे लागले असते. परंतु आता साक्षीला वजन आले होते, म्हणून निकेल नसलेलाही अशनी असू शकतो हे मान्य झाले. आरंभी पृथक्करणाने साक्षीला आधार दिला; पुढे साक्षीने पृथक्करणाची मर्यादा दाखविली. महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर खानदेशातील मानेगाव येथे २९ जून १८४३ रोजी पडलेला अशनी डायोजेनाइट या जातीचा आहे. त्यातही धातुरूप लोह जवळजवळ नसते, आणि या जातीचे मूळ वेस्टा हा लघुग्रह असावा असे आज मानले जाते. उलट दिशेचे उदाहरण ग्रीनलंडमधील डिस्को बेटाचे. तेथे १८७० मध्ये नूर्डेनशेल्ड यास मिळालेले निकेलयुक्त लोह त्याने अशनी म्हणून गणले. ते तेथीलच बेसाल्ट खडकात निर्माण झाले असल्याचे नंतर ठरले. निकेलची कसोटी उपयुक्त आहे, पण ती एकटी निर्णायक नाही.

आणखी एक गोष्ट. हॉवर्डला जे चार पाषाण एकसारखे वाटले ते आजच्या वर्गीकरणात तीन गटांत पडतात. ताबोरचा अशनी अधिक लोहाच्या गटात, वोल्ड कॉटेजचा कमी लोहाच्या, आणि काशी व सिएना येथील त्याहूनही कमी लोहाच्या गटात मोडतात. हे तीन गट निरनिराळ्या लघुग्रहांतून आले असावेत. म्हणून हॉवर्ड चुकला असे म्हणणे योग्य होणार नाही. पृथ्वीवरील खडकांशी तुलना करावयाची असता त्यांतील साम्य खरेच होते. ज्या प्रश्नासाठी तुलना करावयाची त्यावर साम्य आणि भेद यांचे महत्त्व अवलंबून असते, हे संशोधनाचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

६. उत्तरायुष्य

१८०२ नंतर हॉवर्डचे लक्ष उद्योगाकडे वळले. साखर शुद्ध करताना रस उघड्या कढईत विस्तवावर आटवीत; उष्णता फार झाल्याने साखरेचा बराच भाग करपून वाया जाई. हॉवर्डने बंद भांड्यातील हवा पंपाने काढून दाब कमी केला आणि वाफेच्या उष्णतेने रस कमी तापमानास उकळविला. १८१२ व १८१३ मध्ये त्याने याविषयीची एकस्वे मिळविली. निर्वात कढईची ही युक्ती पुढे जगभर पसरली. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या साखर कारखान्यांत पॅनमन ज्या व्हॅक्यूम पॅनवर काम करतो तिचे मूळ या युक्तीत आहे. २८ सप्टेंबर १८१६ रोजी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हॉवर्ड लंडन येथे मरण पावला.

फल्मिनेट, अशनी आणि साखर या तीन विषयांत वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. तरी एक गुण तिन्हींत समान आहे. हातात आलेल्या पदार्थाचे वर्तन जसे असेल तसे नोंदवावे आणि त्यापलीकडे तर्क धावू देऊ नये, ही त्याची शिस्त होती. अशनींच्या बाबतीत या शिस्तीचे फळ विशेष मोठे ठरले.

भारतात पडलेल्या अशनींचे नमुने कोलकात्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात व परदेशांतील संग्रहालयांत जतन केलेले आहेत आणि त्यांच्या रासायनिक घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पतनाच्या मूळ वृत्तांतांचा, म्हणजे महसुली पत्रव्यवहार, जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल, स्थानिक वर्तमानपत्रे यांतील साक्षींचा, अभ्यास त्या मानाने दुर्लक्षित आहे. मानेगावपासून २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे झालेल्या पतनापर्यंतची सामग्री आपल्या आवाक्यात आहे. रसायन, भूविज्ञान आणि इतिहास या तीन विभागांतील विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ती तपासली, तर पाषाणाविषयी जितके कळेल तितकेच तो पडताना पाहणाऱ्यांविषयीही कळेल. क्राखुतच्या पहारेकऱ्याचे म्हणणे विल्यम्सने लिहून घेतले नसते, तर हॉवर्डच्या मेजावर काशीचा पाषाण केवळ एक काळा दगड म्हणून राहिला असता.